गाडी दान झाली, गाडीतल्या माणसाचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णवाहिकेच्या लोकार्पणाच्या बातम्या आपल्या पानांवर अधूनमधून येतात. सोबत फोटो असतो. फीत कापणारे पाहुणे, नारळ वाढवणारे अध्यक्ष, शाल-श्रीफळ स्वीकारणारे दाते आणि मागे झेंडूच्या माळा घातलेली पांढरी गाडी. दारावर लाल अक्षरांत ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. दात्यांबद्दल मला आदर आहे. वेळेवर गाडी मिळाली नाही म्हणून वाटेतच गेलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे गाडी देणाऱ्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटणार नाही. पण ती गाडी रात्री दोन वाजता कोण चालवणार आणि उद्या त्याचाच पाय मोडला तर त्याच्या घरची चूल कशी पेटणार, हे त्या बातमीत कधीच नसतं. गाडीचा विमा उतरवल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही. माणूस मात्र तसाच चालतो. हे पत्र त्या माणसासाठी आहे.

मी बेळगावची, सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका आहे. नोकरीची बरीचशी वर्षं अपघात विभागात, म्हणजे आपण सगळे ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो तिथे गेली. वंटमुरी घाटात ट्रक उलटला, तवंदी घाटात ट्रॅव्हल्सला अपघात झाला, चोर्ल्याच्या वळणावर गोव्याला निघालेली दुचाकीवरची पोरं पडली, उसाच्या फडाला लागलेली आग विझवताना कुणी भाजला, हे सगळं आमच्या टेबलावर येण्याआधी कुणाच्या तरी हातातून येतं. त्या हातांकडे बघायला तिथे कुणाला सवड नसते. टेबलावरचा रुग्ण आधी. वेळ लिहिली, सही झाली, की आणणारा मोकळा. मोकळा म्हणजे स्ट्रेचर पुसायचं, गाडी धुवायची आणि पुढच्या कॉलला पळायचं.

२०१९ चा ऑगस्ट आपण कुणी विसरलेलो नाही. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळूर वाहतूक बंद पडली. कृष्णा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मार्कंडेय, मलप्रभा, सगळ्याच नद्या एकदम फुगल्या. शहरात बळ्ळारी नाल्यानं शेतं गिळली. २०२१ च्या जुलैत यमगर्णीला पुन्हा तेच झालं. त्या पहिल्या पुराच्या दिवसांत अग्निशमन दलाचा एक जवान संध्याकाळी आमच्याकडे आला. तक्रार एवढीच, “पाय जरा दुखायलेत, अक्का.” बूट काढायला सांगितले तर निघेनात. साबणाचं पाणी ओतून एकेक ओढून काढला. गमबुटात वरून पाणी शिरलं की ते बाहेर पडत नाही, दिवसभर पाय त्यातच. तळपायाची कातडी पांढरीफटक झालेली, भिजलेल्या कागदासारखी बोटाला लागून निघत होती. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. एका टाचेला कुंपणाच्या तारेनं कापलेलं आणि त्या जखमेत गाळ. परमँगनेटच्या कोमट पाण्यात पाय ठेवायला लावले, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कोरड्या पट्ट्या बांधल्या. डॉक्टरांनी चार दिवस विश्रांती लिहून दिली. त्यानं ती चिठ्ठी घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि मला विचारलं, “पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधून बूट घातला तर चालेल काय?” दुसऱ्या दिवशी होडीवर त्याचीच पाळी होती आणि त्याच्या जागी यायला माणूस नव्हता.

त्याच आठवड्यात गावोगावहून मदतीचे टेम्पो येत होते. भाकऱ्या, ब्लँकेटं, बिस्किटं, साड्या, मेणबत्त्या. पूरग्रस्तांना ते हवंच होतं आणि आपल्या लोकांनी हात सैल सोडून दिलं. पुरात उतरलेल्यांसाठी मात्र कोरड्या मोज्यांची एक जोडीही कुठल्या टेम्पोत नव्हती. कुणाच्या मनात वाईट होतं म्हणून नव्हे. गणवेश घातलेल्या माणसाला काही लागतं, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

कर्नाटकात १०८ ची रुग्णवाहिका सेवा १ नोव्हेंबर २००८ ला सुरू झाली. गाडीत दोघं असतात, चालवणारा पायलट आणि उपचार करणारा किंवा करणारी ईएमटी. पाळी बारा तासांची. खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलातल्या काही गावांपर्यंत पावसाळ्यात गाडी जाऊच शकत नाही. गावकरी रुग्णाला खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात, गाडी तिथे दिवे लावून थांबलेली असते. अशीच एक बाळंतीण घेऊन आलेली ईएमटी मुलगी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बाळ गाडीतच झालं होतं. नाळ नीट बांधलेली, बाळ आईच्या छातीशी लावून गुंडाळलेलं, जन्माची वेळ लिहिलेली, वार पूर्ण पडल्याची नोंद, सगळं चोख. माझ्या हाताखालच्या शिकाऊ मुलींना दाखवावं असं काम. बाळ-बाळंतीण वॉर्डात गेल्यावर ती हळूच म्हणाली, “अक्का, इथं बाईमाणसाला कपडे बदलायला जागा हाय काय?” तिचा गणवेश पोटापासून गुडघ्यापर्यंत रक्तानं भरला होता आणि दुसरा जोड गाडीत नव्हता. मी तिला आमच्या खोलीत नेलं, ऑपरेशन थिएटरमधला गाऊन दिला, चहा मागवला. चहा पिताना तिनं सांगितलं की गाडी जिथे उभी करायची तिथे बायकांसाठी सोय नाही, म्हणून ती पाळीवर असताना पाणीच कमी पिते. लघवीला जळजळ आणि ताप तर ठरलेलाच. हे ती तक्रारीच्या सुरात सांगतच नव्हती. आज पाऊस आहे म्हणावं, तसं सांगत होती. मला त्याचाच जास्त राग आला.

आणि जे अंगावर दिसत नाही ते तर कुणी मोजतच नाही. शाळेच्या गणवेशातलं एक मूल आमच्याकडे पोचवलेला खासगी रुग्णवाहिकेचा एक ड्रायव्हर त्यानंतर कितीतरी दिवस स्वतःच्या मुलाला सायकल काढू देईना. झोपेतून दचकून उठायचा. बायकोला वाटलं कुणीतरी काहीतरी केलंय, म्हणून अंगारा-धुपारा झाला. मी त्याला म्हटलं, बाबा, डॉक्टरांशी एकदा बोल. तो चमकून म्हणाला, “मला धारवाडला पाठवताय काय?” आपल्याकडे धारवाडचं नाव कशासाठी घेतात हे बेळगावकराला सांगायला नको. वास्तविक धारवाडच्या त्या मानसिक आरोग्य संस्थेत चांगले डॉक्टर आहेत, आणि आता तिथवर जायचीही गरज नाही. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. १४४१६ हा नंबर लावला की मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला, पैसा पडत नाही, घरच्यांना कळत नाही. हा नंबर लिहिलेली चिठ्ठी किती गाड्यांच्या डॅशबोर्डवर लावलेली आहे? ती छापायला लागतात किती पैसे?

कुणाला काय मिळतं, हे जरा स्पष्ट मांडते, कारण इथेच बहुतेकांचा गैरसमज आहे. सगळ्यांना वाटतं की ‘सरकारची माणसं आहेत, सरकार बघतं’. पोलिसांचं थोडंफार बरं आहे. २ एप्रिलला कर्नाटक पोलिसांचा ध्वजदिन असतो, त्या दिवशी छोटे ध्वज विकून कल्याण निधीला पैसे जमवतात. सीमेवर आणि नक्षली भागात लढणाऱ्या केंद्रीय दलांच्या शहीद जवानांसाठी २०१७ मध्ये ‘भारत के वीर’ सुरू झालं. सामान्य माणूस थेट शहिदाच्या वारसाच्या खात्यात पैसे टाकू शकतो, एका कुटुंबाला १५ लाखांपर्यंत. फार चांगली गोष्ट. पण घाटातली गाडी चालवताना दरीत गेलेला ड्रायव्हर त्यात बसत नाही. अग्निशमन दलातले कायम जवान सरकारी नोकर आहेत, त्यांना नियमाप्रमाणे मिळतं, उशिरा का होईना. १०८ वरची मुलं सरकारी गाडीत बसतात, पण ती सरकारी नोकर नव्हेत. पगार थकले म्हणून त्यांनी संपाची हाक दिल्याच्या बातम्या आपणच छापल्या आहेत. होमगार्डला ज्या दिवशी बंदोबस्त त्याच दिवसाचं मानधन. वादळात खांबावर चढणारा हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, कंत्राटी लाईनमन तर ‘आपत्कालीन सेवा’ या शब्दात कुणी धरतही नाही, पण रात्री वीज गेली की पहिली शिवी त्यालाच. खासगी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर मालकाच्या मर्जीवर. आणि तळ्यात, विहिरीत, नदीत उडी मारून बुडालेल्याला वर काढणारी आपली पोहणारी मुलं तर कुणाच्याच कुठल्याच रजिस्टरवर नाहीत.

करोनात मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमा कवच केंद्रानं जाहीर केलं होतं, त्यात कंत्राटी आणि बाहेरून घेतलेले कर्मचारीही धरले होते. म्हणजे मनात आणलं तर त्यांना धरता येतं. साथ ओसरली, कवच गेलं. घाट, पूर आणि आग काही ओसरलेली नाही.

अग्निशमन सेवा सप्ताह आपण १४ एप्रिलपासून पाळतो तो कशाकरता, हे शाळेतल्या मुलांना विचारून पाहावं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापूस पेटला, खाली दारूगोळा होता, आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान त्या स्फोटांत गेले. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग विझवताना मुंबई दलाचे चार अधिकारी गेले, दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्यांतलेच. दरवर्षी मानवंदना होते, भाषणं होतात, प्रात्यक्षिकं होतात. मेलेल्यांचा मान राखलाच पाहिजे. मला जिवंतांची काळजी आहे. ज्याचा जीव गेला त्याचं नाव निदान फलकावर लागतं. ज्याची कंबर गेली त्याला फलक नाही. स्ट्रेचर उचलून उचलून कंबर गेलेले, धुरानं छाती गेलेले, पन्नाशीच्या आतच जिन्याला हात धरून चढणारे मी कितीतरी पाहिले आहेत.

माझी भाची इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला नर्स आहे. तिच्याकडून मला तिथली व्यवस्था कळली आणि हे पत्र लिहायचं तेव्हापासून मनात होतं. तिच्या घरापासून जवळच हॅरोगेट नावाचं गाव आहे, तिथे पोलिसांसाठी उपचार केंद्र आहे. जखमी झालेला, गुडघा-खांदा धरलेला किंवा मनानं खचलेला पोलीस तिथे जाऊन राहतो, फिजिओथेरपी घेतो, झोपतो, बोलतो आणि कामावर परत येतो. हे काही परवाचं नाही. कॅथरीन गर्नी नावाच्या एका बाईंनी १८९० मध्ये ब्रायटनजवळ होव्ह इथे पोलिसांसाठी पहिलं विश्रांतिगृह काढलं. सरकारनं नव्हे, एका बाईनं, पोलिसांकडून आणि लोकांकडून पैसे गोळा करून. आगवाल्यांची संस्था १९४३ ची. महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, शेकड्यांनी जवान गेले, त्यांच्या बायका-मुलांसाठी निधी काढला तो आज ‘फायर फायटर्स चॅरिटी’ म्हणून चालू आहे. निवृत्तांनाही मदत, घरच्यांनाही मदत. अँब्युलन्सवाल्यांचीही वेगळी संस्था आहे. आणि पैसा येतो कुठून, तर बराचसा त्यांच्याच पगारातून, दरमहा थोडाथोडा. वर्षातून एकदा फायर स्टेशनच्या दारात जवान लोकांच्या मोटारी धुतात आणि लोक डब्यात पैसे टाकतात. भाचीनं स्वतःची गाडी तशी धुऊन घेतली आहे.

तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. तिथलेही लोक कामाच्या ताणानं वैतागलेले आहेत असं भाची सांगते. माझा मुद्दा एवढाच की असा निधी काढायला राजा लागत नाही. वर्गणी गोळा करता येणारी माणसं लागतात, आणि वर्गणी गोळा करण्यात आपला हात धरणारं कोण आहे?

लोकमान्यांनी १९०५ मध्ये झेंडा चौकात सार्वजनिक गणपती बसवला असं आपण अभिमानानं सांगतो. आज बेळगावात मंडळं शेकड्यांनी आहेत, गल्लीगणिक एक. शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठेही जा, पावती पुस्तकं छापून झाली आहेत. विसर्जनाची मिरवणूक रात्र उलटून दुसऱ्या दिवसात जाते. आपण नाचून घरी येऊन झोपतो. कपिलेश्वर तलावावर क्रेनपाशी, पाण्याच्या कडेला उभा असलेला जवान, बाजूला अँब्युलन्समध्ये बसलेली दोघं, कोपऱ्यावरचा होमगार्ड, हे शेवटची मूर्ती जाईपर्यंत हलत नाहीत. त्यांच्या घरीही गणपती असतो. आरतीला ते नसतात.

माझं मागणं असं. प्रत्येक मंडळानं वर्गणीतून फक्त पाच हजार बाजूला काढावेत. डॉल्बीच्या एका तासाचं भाडंही नव्हे. शंभर मंडळांनी दिले तरी पाच लाख होतात. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या वेळी आणखी तेवढेच. आपल्या पतसंस्था आणि सोसायट्या दरवर्षी सभासदांच्या मुलांना बक्षिसं देतात, वार्षिक सभेत डबे नि पिशव्या वाटतात. एक वर्ष पिशवी नको, ते पैसे इकडे द्या, असा ठराव मांडायला एक सभासद उभा राहिला तरी पुरे. ज्या साखर कारखान्यांना आणि उद्यमबागेतल्या कंपन्यांना कायद्यानं नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात त्यांनी रस्त्याकडेच्या बाकांवर नाव घालण्याऐवजी एखाद्या १०८ थांब्याजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली बांधावी. नाव घालायचंच तर त्या भिंतीवर घाला, माझी हरकत नाही.

या पैशातून काय करायचं? पगार नव्हे. पगार, विमा, बूट, भरती, ही नोकरी देणाऱ्याची जबाबदारी आहे आणि ती मागायचा हक्क कर्मचाऱ्यांच्या संघटनांचा आहे. आपल्या देणगीमुळे सरकार किंवा कंत्राटदार अंग काढून घेणार असेल तर ती देणगी नको. निधीनं तेवढंच करावं जे सरकारला वेळेत जमत नाही. माणूस जखमी झाला किंवा गेला तर पहिल्या आठवड्यात घरात रोख रक्कम, दवाखान्याची अनामत, मुलांची त्या वर्षाची फी. कंबर धरलेल्याला फिजिओथेरपीची दहा-पंधरा सत्रं. पुराच्या दिवसांत कोरडे मोजे, दुसरे बूट, गरम जेवण आणि झोपायला एक हॉल. मंगल कार्यालयं पावसाळ्यात रिकामीच असतात.

आणि सगळ्यात मोठं काम कागदाचं. यात रुपया कमी आणि पाय जास्त लागतात. माणूस कामावर मेला की मृत्यूचा दाखला, एफआयआरची प्रत, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसाचा दाखला, बँकेचं केवायसी, आणि प्रत्येक खिडकीवर ‘उद्या या’. नवरा जाऊन महिना न झालेली बाई लहान मूल काखेत घेऊन हे करत फिरते. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला कंत्राटी कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, यायला हवा आणि कामावर मृत्यू आला तर घरच्यांना दरमहा निवृत्तिवेतन मिळायला हवं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. कामावर जायबंदी झालेल्याला भरपाईचा हक्क आपल्या देशात १९२३ पासून आहे, आणि तो मागायला मुदत असते. मुदत गेली की हक्क असून नसल्यासारखा. आपल्या सीमाभागात त्यावर आणखी एक गाठ आहे. खानापूरच्या मराठी बाईच्या हातात सगळे कागद कन्नडमध्ये येतात. उलट रुग्णाला मिरजेला किंवा कोल्हापूरला सोडून परतताना गोकाककडचा ड्रायव्हर कागलजवळ अपघातात गेला, तर त्याच्या कन्नड बायकोच्या हातात पंचनामा मराठीत. दोन राज्यांच्या मध्ये ती बाई उभी. दोन्ही लिपी वाचणारे निवृत्त कारकून, तलाठी, शिक्षक, वकील आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांनी आठवड्यातून दोन तास दिले तर लाखाची देणगी देणाऱ्यापेक्षा मी त्यांना मोठं मानेन.

भाषेचं निघालंच आहे म्हणून लिहिते. बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून १ नोव्हेंबरला काळी साडी नेसून निषेध फेरीत चालणारी मी बाई आहे. तरुण असताना चालले आणि चालवेल तोवर चालणार. आमच्यावर जो अन्याय झाला तो झाला, त्यात मी एक पाऊल मागे घेत नाही. पण या निधीच्या अर्जावर मातृभाषेचा रकाना असू नये. आमच्या कॅज्युअल्टीत मराठी म्हातारीला पाठीवर घेऊन जिना चढलेला पायलट कन्नड होता आणि त्यानं तिला सगळा रस्ता ‘आज्जी, आज्जी’ म्हणत बोलतं ठेवलं होतं, शुद्ध हरपू नये म्हणून. मराठी मंडळांनी हा निधी काढावा असं मी म्हणते ते मोठ्या मनानं पुढाकार घ्यावा म्हणून, फक्त आपल्याच माणसांना वाटावा म्हणून नव्हे.

पैसे खाल्ले जातील, ही शंका येणारच आणि ती रास्त आहे. म्हणून निधी कुठल्याही एका मंडळाच्या, पक्षाच्या किंवा पुढाऱ्याच्या नावानं नको. रीतसर नोंदणी केलेला न्यास, प्राप्तिकर सवलतीचं (८०-जी) प्रमाणपत्र, पावती प्रत्येकाला. दोन हजारांवरची देणगी रोखीनं दिली तर तशीही प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, तेव्हा मोठ्या रकमा चेकनंच घ्याव्यात. खात्यावर दोन सह्या, त्यांतली एक सेवेत असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्याची. विश्वस्तांत निदान दोन बायका, कारण स्वच्छतागृहाचा विषय त्या असल्याशिवाय निघत नाही. संपादक महोदय, दर तीन महिन्यांचा जमाखर्च आपण आपल्या वृत्तपत्रात विनामूल्य छापावा, एवढी जबाबदारी आपण घ्यावी अशी विनंती आहे. मदत घेणाऱ्याचं नाव मात्र छापू नये. रक्कम आणि कारण पुरेसं आहे. चेक देतानाचा फोटो काढून घ्यायला एखाद्या विधवेला व्यासपीठावर उभं करायचं असेल तर तो निधी नसलेलाच बरा.

आमच्या गल्लीतल्या मंडळाची वार्षिक बैठक आता होईल. महिलांनी आरतीच्या ताटांपुरतं बोलावं अशी तिथली रीत असली तरी मी हा विषय मांडणार आहे आणि माझ्या निवृत्तिवेतनातून पहिली पावती फाडणार आहे. इतर मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनी, विशेषतः खानापूर, निपाणी आणि चिक्कोडीकडच्या, आपापल्या बैठकीत तो मांडावा. सगळ्यांची मिळून एक बैठक गणेशोत्सवाच्या आधी घ्यावी लागेल. ती दिवसा नको आणि संध्याकाळी सहालाही नको. १०८ च्या मुलांची पाळी रात्री बदलते, अग्निशमन दलातल्यांनाही विचारून घ्यावं लागेल. ज्यांच्यासाठी हे करायचं त्यांना येता येईल अशीच वेळ आधी त्यांना विचारून ठरवावी आणि मग पत्रिका काढाव्यात.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
शहापूर, बेळगाव